पेन्सिलीने काढलेली रेघ

टेमझिन खाण, कॉर्नवॉल
मंगळवार, ९ मार्च १८५८

प्रिय शार्लटताईस,

सहा महिने पत्र नाही, क्षमा कर. (कामाचा व्याप हे कारण लिहिलं होतं, खरं नव्हतं, म्हणून खोडलं.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला?

ताई, माझ्या हातून एक अन्याय झाला आहे. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनाची तुळई वरखाली होते, तेव्हा तिचं टोक कमानीत फिरतं. दट्ट्याची दांडी मात्र सरळ जावी लागते. मधल्या जोडदांड्या दोघांचं जमवून घेतात आणि दांडी जवळजवळ सरळ जाते. हे ‘जवळजवळ’ मला सलू लागलं. (आईला वाकडा टाका सलायचा, तसं.) मी दांडीला पेन्सिल बांधली आणि कागद लावलेली फळी भिंतीला ठोकली. इंजिनवाला हॅनिबल ट्रेवेला पितळ पुसता पुसता म्हणाला, “काय साहेब, इंजिनाची सही घेताय?”

सही आली ती ताणून लांबवलेल्या इंग्रजी आठासारखी. कागदाच्या कडेपासून मोजून मी खाणीचा मोजणीदार म्हणून माझ्या अहवालात लिहिलं, ‘दांडी पाव इंच ढळते.’ असल्या जोडणीत ती थोडी ढळणारच, हे उघड वाटलं म्हणून लिहिलं नाही. भागीदारांच्या सभेत भूमिती कुणालाच येत नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, की ढळते तर सांभाळतो कोण? हॅनिबलला शुक्रवारी काढायचं ठरलं. बावीस वर्षं त्याने ते इंजिन बायकोपेक्षा जास्त जपलं. (हे तिचंच म्हणणं.)

काल समजूत घालायला गेलो. तो दारातच उभा राहिला.

“साहेब, पाणी वर येतं ना?”

“येतं.”

“मग?”

मी भूमिती सांगू लागलो. आतून त्याची बायको केझाया ओरडली, “अहो, दार लावा, पास्टी गार होतेय! ढळलेल्या माणसाने निदान गरम तरी खावं!” दार लागलं. उरलेली भूमिती मी दाराला सांगितली.

खरं लिहिणं हा गुन्हा नसावा. अर्धवट लिहिणं हा असावा. रात्रंदिवस हाच विचार करतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
एडमंड

ता. क. सभेचे अध्यक्ष भावोजीच होते. (पत्र स्वार्थी दिसू नये म्हणून वर टाळलं.) गुरुवारच्या आत त्यांना गाठ, जेवण झाल्यावर.

ता. क. दुसरा. आत्ताच फळीला ओळंबा लावून पाहिला. फळी मीच तिरकी ठोकली होती. दांडी एका पेनीच्या जाडीइतकीही ढळत नाही. भावोजींना आधी हे वाचून दाखव. वरचं नाही वाचलंस तरी चालेल.

उद्या (ही नोंद माझी मलाच): पहिल्या पाळीआधी हॅनिबलच्या दारी जाऊन “फळी तिरकी होती” एवढंच म्हणणे.