पिंपावरची मराठी ओळ

प्रिय मनालीताई,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धड आहे, नोकरीही अजून आहे. पण रविवारी तू भाऊजींच्या फोनवरून हसत हसत सांगितलंस की कंपनीतली रिकामी निळी पिंपं कामगारांना मिळतायत, टँकरचं पाणी भरायला आपण दोन सांगून ठेवलीत, तेव्हापासून तुला गाठायला बघतोय. तेव्हाच बोलायचं होतं. नोकरीला भ्यालो गं.

मी इथे काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटतं, सद्या कंप्युटरवर बसतो म्हणजे साहेब झाला. सातवीत शाळा सोडलेला मी. पनवेलच्या गॅरेजात टिकलो नाही, सुरतेला साड्यांच्या घड्या घालून विटलो, आणि बडोद्यात छाणीला देवेशभाईंच्या दुकानात चिकटलो ते फक्त मराठी वाचता येतं म्हणून. केमिकलच्या पिंपांवर लावायची लेबलं आम्ही छापतो. माल महाराष्ट्रात जाणार असला की सूचना मराठीतही लागते. ती तपासणारा मी.

आता जरा सावकाश वाच. पिंपांची यादी एक्सेलमध्ये येते आणि तिच्यातली मराठी असते जुन्या फाँटातली. म्हणजे पोटात नुसती इंग्रजी अक्षरं, फाँट त्यांना वरून मराठी चेहरा चढवतो. छपाईच्या नव्या मशीनला तो चेहरा दिसत नाही, तिला खरी मराठी लागते, युनिकोड. ते बदलायचा प्रोग्रॅम आभाबेनने लिहून दिला. इथल्याच जुन्या मराठी घरातली मुलगी, कॉलेजात शिकते. मराठीत सुरू करते आणि अर्ध्या वाक्यात गुजरातीत घसरते. प्रोग्रॅम चालवायला तिनंच मला शिकवलं. त्या कचऱ्यातून पहिल्यांदा सरळ मराठी ओळ उमटली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो. वाटलं, इथे मात्र आपलं बूड टिकणार.

मागच्या महिन्यात मी ओळी तपासून दिल्या, सगळ्या बरोबर होत्या. पण शेवटी मशीनसाठी फाईल लिहिताना प्रोग्रॅम अडला. त्या फाईलची जात इंग्रजीपुरतीच ठेवली गेली होती, मराठी अक्षर तिच्यात मावेना. लाल ओळी दाखवून तो थांबला, आणि थांबला तेच बरं होतं. आभाबेनची परीक्षा होती. बाहेर टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. देवेशभाईंनी मोबाईलवर बघून प्रोग्रॅममध्ये एक शब्द घातला: अक्षर मावलं नाही तर प्रश्नचिन्ह टाक आणि पुढे चल. मला म्हणाले, ‘जो, चाली गयुं ने? चाललं की. तू चहा पिऊन ये.’ मी गेलो. परत आलो तोवर लेबलं छापून रवाना.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात एक वाया गेलेलं लेबल दिसलं. मराठीच्या जागी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रश्नचिन्हं. ते उचलून घेतलं. देवेशभाईंना दाखवलं तर म्हणाले, ‘इंग्लिशमां लखेलुं छे ने? पती गयुं, विषय संपला. बाहेर बोललास तर पार्टी जाईल, तूही जाशील.’ आता नवीन लेबलं दुरुस्त निघतात. गेलेली गेली. ती लावलेली पिंपं कुठे गेली ते यादीत बघितलं, आणि तिथे भाऊजींच्या कंपनीचं नाव होतं.

कंपनीत फोन केला. वॉचमनने ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणून ठेवून दिला. भाऊजींना केला तर ते हसत सुटले, ‘सालेसाहेब, बडोद्याचं पाणी बाधलं वाटतं! आम्ही तीनदा साबणाने धुतो. वाटलंच तर लेबल खरवडून टाकू.’ तुझ्याकडे द्या म्हणालो, तर ड्युटीवर आहे म्हणाले. घरात फोन तेवढा एकच, तो त्यांच्या खिशात.

ताई, ती ओळ मला पाठ आहे: हे पिंप रिकामे झाल्यावर पाणी किंवा धान्य साठवण्यासाठी वापरू नये, विषबाधा होते. धुऊन जाण्यातला माल नाही तो, प्लास्टिकात मुरतो. पत्र एवढ्यासाठी लिहिलं की मोबाईलवर आलेलं कोणी खरं धरत नाही, फॉरवर्ड म्हणून पुसून टाकतात. हे कागदावर आहे, माझ्या हातचं आहे. टँकरवर बायका जमतील तेव्हा मोठ्यानं वाचून दाखव. कोणी विचारलं, कोण सांगतो, तर खाली माझं पूर्ण नाव आहे, पाकिटावर दुकानाचा पत्ता आहे. ते लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं, खोटं कशाला बोलू. पाकीट महाडच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातात देतोय, उद्या मिळेल. पण पिंपं आजच आली असतील तर? मिळेल त्याच्या फोनवरून मला एवढंच सांग, की आपल्या चिमुकल्या मोहनाला त्यातलं पाणी अजून दिलेलं नाहीस.

तुझाच भाऊ,
सदानंद बाबू शिगवण