कॉफीवाले आणि तंबाखूवाले

शुक्रवार, १० जानेवारी १९८६. हिनोतेगा

बेसबॉलबद्दल रेडिओवाल्याला आज खोटं सांगितलं. कॉफीच्या खळ्यावर आला होता, मी दाताळं घेऊन बिया पसरत होतो. "ओविदियो, तू संघाचा कॅप्टन. बोल, कोण भारी? आपण कॉफीवाले की ते एस्तेलीचे तंबाखूवाले?" म्हटलं, दोन्ही संघ तोडीस तोड. असंच म्हणायचं असतं. तो खूश होऊन गेला.

इथे खरं लिहितो. बॅटिंगमध्ये ते आमच्यापेक्षा कितीतरी पुढे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभ्या त्यांच्या शॉर्टस्टॉपच्या बाजूला चेंडू मारायचाच नाही, मारला तर गेलाच समजायचा. आमच्याकडे लांबचे चेंडू धरायला तिघं आहेत, त्यातल्या एकाला दुपारी उन्हात चेंडू दिसत नाही आणि एकाला नातू झालाय. तरणी पोरं राहिलीत कुठे? निम्मी डोंगरात लढतायत, उरलेली तिथेच पुरलीत.

एकाच बाबतीत आम्ही वरचढ. एल्विन. माझा मेहुणा, आमचा चेंडू टाकणारा पिचर, वीस वर्षांचा. इतकी वर्षं मी पिचरसमोर चेंडू झेलायला कॅचर म्हणून बसतोय, पण असा हात पाहिला नाही. त्याचा चेंडू ग्लव्हमध्ये आला की दंडापर्यंत झिणझिण्या येतात. त्यांचा पिचर बायरन, एकोणीसचा. एल्विनपेक्षा थोडा खाली, पण डोक्यानं शांत.

सात सामने, चार जिंकेल तो विजेता. फक्त शनिवार-रविवारी.

रेडिओवर जे सांगता येत नाही ते हे — दोन्ही संघांतल्या पंचवीसच्या आतल्या पोरांना मालिका संपेपर्यंत सैन्यभरतीतून सवलत आहे. संपली की दुसऱ्या सकाळी हजर व्हायचं. आमचे चार जातील, त्यांचे सहा. एल्विन चारांतला एक.

रविवार, १२ जानेवारी

सासूबाई जेवण झाल्यावर उठल्या नाहीत. एरवी बेसबॉलचं नाव निघालं की भांडी घेऊन आत जातात. आज समोर बसून राहिल्या.

"जावईबापू, हा तुमचा खेळ लवकरात लवकर कधी संपतो?"

"एकानंच सलग चार जिंकले तर दोन आठवड्यांत."

"आणि उशिरात उशिरा?"

"सातही झाले तर फेब्रुवारी निम्मा सरेल. पावसानं घोळ घातला तर आणखी पुढे."

"मग सात खेळा."

मी हसलो. "ते काय आपल्या हातात असतं?"

"तुम्हीच बसता ना त्याच्यासमोर उकिडवे? बोटं दाखवून सांगता ना, कुठे टाक, कसा टाक? मग कुणाच्या हातात असतं?"

थोरला मुलगा नॉर्विन लढाईत गेला तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. त्याची पेटी खिळे ठोकून आली होती आणि उघडायची नाही असा हुकूम होता. त्या पेटीवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या होत्या, "हलकी आहे."

एल्विन दारातून ओरडला, "आई, सात कशाला? चारातच गुंडाळतो त्यांना."

बुधवार, १५ जानेवारी

एल्विनचा सराव. इतका सुंदर टाकतोय की खरंच चारात गुंडाळेल.

शनिवार, १८ जानेवारी

आज सेबाकोला बैठक होती. मैदानं, पंच, तारखा. एस्तेलीकडून लिसांद्रो आला होता. तोही कॅचर, तोही कॅप्टन. मिसरूड फुटल्यापासून आम्ही एकमेकांविरुद्ध खेळतोय. पोट सुटलंय त्याचं, पण नजर तीच. बायरनला हातात चेंडू धरायला त्यानंच शिकवलं.

बैठकीनंतर रस्त्याकडेच्या खानावळीत बसलो. तळलेलं डुकराचं मांस आणि भात-घेवडा. बराच वेळ कांद्याच्या भावावर बोललो. मग तो म्हणाला, "तुझे किती जाणार?"

"चार. तुझे?"

"सहा." ताट बाजूला सारून म्हणाला, "सात खेळू या का, ओविदियो?"

"माझ्या सासूबाईंनी बजावलंयच," मी म्हटलं. तो हसला.

ठरलं. कुणाला सांगायचं नाही. तीन त्यांनी घ्यायचे, तीन आम्ही, सातवा ज्याच्या नशिबात असेल त्याचा. महिनाभरानं काय बदलणार? कदाचित काही नाही. कदाचित वर कुणीतरी बोलणी करेल, कदाचित नुसताच हुकूम पुढे ढकलला जाईल. लिसांद्रो म्हणाला, "महिना तर महिना. आई-बापांना विचार महिना म्हणजे काय असतो."

पण ठरवून हरणं सोपं नाही. पोरांना माहीत नाही, ती जीव तोडून खेळणार. म्हणून त्यानंच आधी सांगितलं. बायरनचा खांदा दुखावलाय. वळणारा चेंडू टाकायच्या आधी त्याचं कोपर किंचित बाहेर येतं. कोपर बाहेर आलं की वळणारा, नाही आलं की सरळ. "ज्या दिवशी तुम्ही जिंकायचं त्या दिवशी पोरांना सांग."

मग मी एल्विनचं सांगितलं. डावा गुडघा. पुढे धावत येऊन खाली वाकता येत नाही त्याला. चेंडू मारायचा नाही, नुसता बॅटला लावून त्याच्या पायांपुढे सोडायचा. बंट करायचा. चार-पाच वेळा केलं तर तो सामना सोडेल.

निघताना त्यानं माझा खांदा दाबला. परतीच्या बसमध्ये फार हलकं वाटलं.

सोमवार, २० जानेवारी

निदियाला सांगितलं. बायकोपासून लपत नाही काही. म्हणाली, "लोक डोंगर उतरून येतात तुमचा खेळ बघायला. भाकरी बांधून." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "येऊ देत. महिनाभर येऊ देत." आणि मसूर निवडायला लागली.

गुरुवार, २३ जानेवारी

सगळं उलटंपालटं झालं.

दुपारी मैदानावर एक अधिकारी आला. तरुण, गोड बोलणारा. सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं. मालिका आता तीनच सामन्यांची. दोन जिंकेल तो विजेता. विजेता संघ सैन्याचा म्हणून देशाच्या स्पर्धेत खेळेल — त्यांची पोरं कुठेही जाणार नाहीत, वर्षभर इथेच सराव करतील. हरलेल्या संघातली पोरं दुसऱ्या सकाळी ट्रकमध्ये.

"म्हणजे खेळाला जरा धार येईल," असं म्हणाला. खरंच असं म्हणाला. हसतमुखानं.

एल्विन घरी येईपर्यंत उड्या मारत होता. "दाजी, जिंकायचंच आहे ना? ते तर मी करणारच होतो."

सासूबाईंनी मला एकदाच विचारलं, "कोण भारी, आपण की ते?"

"ते," मी म्हटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

एस्तेलीतही कळलं असेल आता. लिसांद्रो काय करत असेल?

रविवार, २६ जानेवारी

परत परत दोन्ही संघ शेजारी शेजारी मांडून बघतो. त्यांची बॅटिंग. त्यांचा शॉर्टस्टॉप. पिचर आमचा. मैदान एक त्यांचं, एक आमचं. कसंही मांडलं तरी तीनपैकी दोन त्यांचेच होतात. फक्त एका गोष्टीनं पारडं फिरतं, आणि ती मला माहीत आहे.

लिसांद्रोलाही आमची माहीत आहे.

निदिया म्हणाली, "तो वापरणार."

"लिसांद्रो तसा नाही."

"आणि तुम्ही कसे आहात?"

तीच पुढे म्हणाली, "तुम्ही चांगले आहात म्हणूनच लग्न केलं तुमच्याशी. पण आईसमोर अजून एक पेटी आली तर मी तुमच्याकडे बघू शकणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

सहा पोरं त्यांची. त्यातलं एकही नाव मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. सहाही माहीत आहेत.

बुधवार, २९ जानेवारी

सांगितलं. सरावानंतर सगळ्यांना जवळ बोलावलं — "बायरनचं कोपर बघा. बाहेर आलं तर वळणारा." तीनदा करून दाखवलं. आणि तिसऱ्या बेसवाल्याला म्हटलं, पुढे सरकून उभा राहा, एल्विनच्या पायांपुढचे चेंडू तू उचल. म्हणजे मी माझं घरही झाकून घेतलं.

कुणी काही विचारलं नाही. फक्त एल्विननं विचारलं, "दाजी, तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या मोसमात दिसलं होतं."

"मग मागच्या मोसमात का नाही सांगितलं?"

"विसरलो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग चेंडू गोळा करायला गेला.

शनिवार, १ फेब्रुवारी. एस्तेली

जिंकलो. नऊ धावा आमच्या, दोन त्यांच्या.

बायरनला आमच्या पोरांनी फोडून काढला. ज्यांना आयुष्यात वळणारा चेंडू कधी लागला नाही त्यांनीही भिंतीपर्यंत मारले. त्याला कळेना काय होतंय. दर फटक्यानंतर तो लिसांद्रोकडे बघायचा.

त्यांनी एकदाही बंट केला नाही. एकदाही नाही. पाचव्या डावात तर अशी वेळ आली की मैदानावरच्या चणेवाल्यालासुद्धा कळलं असतं — पहिल्या बेसवर गडी, बॅटवर त्यांचा सगळ्यात कच्चा माणूस. तो लिसांद्रोकडे वळला, बॅट आडवी धरू का म्हणून. लिसांद्रोनं मान हलवली. नाही. पोरानं जोरात फिरवली आणि दोघं बाद झाले.

मी बॅटिंगला गेलो तेव्हा लिसांद्रो माझ्या पायाशीच बसलेला. चेहऱ्यावरच्या जाळीआडून फक्त डोळे दिसत होते. मला वाटलं शिवी देईल. म्हणाला, "गुडघा कसाय पोराचा?"

"बराय."

"जप त्याला."

पुढच्या चेंडूला कोपर बाहेर आलं. मी दोन धावा आणल्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अजून एक सामना तरी बाकी आहे. अजूनही पोरांना म्हणता येईल, कोपर बघू नका, बरोबरीनं खेळू. सकाळी खळ्यावर ठरवलं, आज बोलायचं. सराव झाला, चेंडू मोजून पोत्यात भरले, सगळे घरी गेले.

बोललो नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जिंकलो. पाच-चार. संपलं.

सामना चालू असतानाच कुंपणापलीकडे ट्रक येऊन उभे होते. त्यांच्या पोरांना ते पहिल्या डावापासून दिसत होते. तरी शेवटच्या गड्यापर्यंत लढले. एल्विनचा गुडघा आठव्या डावात सुजला, मला दिसत होतं, लिसांद्रोलाही — तरी एकानंही त्याच्या पायांपुढे चेंडू सोडला नाही. एक धाव हवी होती त्यांना. बंट केला असता तर मिळाली असती.

सामन्यानंतर बायरन एल्विनपाशी आला. हात मिळवला. मी ग्लव्ह काढत होतो, सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "तुझ्या चेंडूवर बंट करायचा नाही असं लिसांद्रोकाकांनी सगळ्यांना बजावलं होतं. का ते नाही सांगितलं. तुला माहीत आहे?"

एल्विन म्हणाला, "नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

लिसांद्रो मला भेटला नाही. पोरांना जवळ घेऊन उभा होता, एकेकाच्या कॉलरची बटणं लावत.

घरी सासूबाईंनी मक्याचे नाकातामाल उकडले होते. केळीची पानं सोडताना गुणगुणत होत्या. नॉर्विन गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारपाजारचे आले, एल्विनच्या पाठीवर थापा मारून गेले. तो जेवला नाही. पाय पाण्यात सोडून अंगणात बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो.

"दाजी, गुडघ्याचं घराबाहेर कुणाला माहीत होतं?"

मी पाय पुसायला फडकं पुढे केलं.

"त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी वापरलं नाही."

"एल्विन, तुझी आई—"

"आईचं नाव नका घेऊ." आवाज चढवला नाही. फक्त पाय पाण्यातून काढले, पुसले, आणि आत गेला.

उद्या शांत होईल. जिवंत आहे, इथे आहे. बाकी सगळं मागाहून निस्तरता येतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी ट्रक बाजारातून निघाले. सगळं गाव निरोप द्यायला उभं होतं, आम्हीही. एल्विन माझ्या शेजारी होता. शेवटचा ट्रक समोर आला तसा तो फाळका धरून वर चढला. कुणी अडवलं नाही. बायरननं सरकून जागा दिली.