अकरा दिवस नोंद नाही

१२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

दादा, आधी खाली बस, मग वाच. देशाच्या पर्यावरण आराखड्यातली राखीव पाणथळ जागांची यादी आमच्याच कचेरीत टाइप होतेय, आणि तुझं तळं तीत नाहीच, ते ‘पडीक जमीन’ म्हणून चढलंय! पाहणीवाले भर उन्हाळ्यात, तळं कोरडं असताना येऊन गेले म्हणे. पडीक ठरलं की भराव घालून कारखाना उभा राहणार. बावीस वर्षं तू खात्याच्या नोकरीत रोज सकाळी तळ्याच्या पाण्याची पातळी लिहितोस ना, त्या सगळ्या वह्या पाठव. यादी तीस तारखेला बंद होतेय. या वेळी तुझं ‘बघू’ चालायचं नाही, असं वहिनीलाही सांग.

लोभ आहेच, वह्या हव्यात.
तुझी भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

वह्या रवाना केल्या. गाठी तुझ्या वहिनीने मारल्यात, तेव्हा कात्री जवळ ठेव. एक गोष्ट समोरासमोर सांगायला मी धजलो नसतो. तुझ्या लग्नाचे अकरा दिवस मी तळ्यावर फिरकलोच नाही. परतल्यावर आकडे अंदाजाने ठोकून दिले. कुणी ते पकडलं तर बाकीच्या वह्याही खोट्या ठरतील आणि तळं जाईल. म्हणून त्या पानावर लाल शाईने खरं काय ते लिहून सही केलीय. नोकरीचं व्हायचं ते होवो. रागावू नकोस.

माया कमी करू नकोस.
तुझा दादा

३० मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. ते पान फाडावं असंही मनात आलं. तेवढ्यात आमच्या तपासणीस बाईंनी वही ओढून घेतली. त्यांच्यापुढे सचिवही चळाचळा कापतात. लाल शाई वाचून त्या म्हणाल्या, “देशभरातून आकडे आले, पण चूक कबूल करणारा हा एकच. याचं बाकीचं सगळं खरं धरा.”

दादा, तळं यादीत आलं! खाली टीप आहे: ‘अकरा दिवस नोंद नाही; नोंदकर्ता बहिणीच्या लग्नात.’ देशाच्या आराखड्यात माझं लग्न छापून येणार. तुझ्या मेव्हण्यांनी ती ओळ चारदा वाचायला लावली.

असाच खरा राहा, आणि माझा राहा.
भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

साहेबांनी झाप झाप झापलं आणि लेखी ताकीद दिली. नोकरी शाबूत आहे. तुझी वहिनी ताकीद चौकटीत घालून भिंतीवर लावणार म्हणते, मी अडवणार नाही. आज सकाळी तळ्यावर गेलो. उन्हाळा कडक आहे, नुसता भेगाळलेला चिखल. वहीत शून्य लिहिलं. बावीस वर्षांत एवढ्या आनंदाने मी एकही आकडा लिहिला नव्हता.

आहे तो जिव्हाळा वाढता असू दे.
तुझा दादा