तुझ्या नावाची पिशवी

६ जुलै

प्रिय वेंडेल,

फेब्रुवारीत तुझं कार्ड आलं. आत नुसती सही होती, एक शब्द जास्तीचा नाही. पाकिटावरचा अलास्काचा पत्ता मी कापून साखरेच्या डब्याखाली ठेवला होता, तो आज काढला. नऊ वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज एकदम एवढे कागद घेऊन बसलेय, म्हणजे काहीतरी सांगायचं असणार हे तू ओळखशीलच. सांगायचं आहे. ते वाचून तू घरी येशील, की पुन्हा कधी या घराचं तोंड बघणार नाहीस, ते तुझं तू ठरव. पण मला ते पहिल्याच ओळीत लिहिता येत नाही. परवाच्या चार जुलैपासून सुरुवात करते, तेवढीच हाताला लिहायची सवय होईल.

थर्लोला जाऊन पाच महिने झाले. मी अजून रडलेली नाही. गावाला वाटतं मी खंबीर आहे. शेजारची म्युरिएल तर चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटते, एव्हिस म्हणजे लोखंड आहे लोखंड. लोखंड कसलं, बधिर झालेय नुसती. दात काढून आल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही, तसं आहे. सकाळी उठते, कॉफी दोघांची करते, एक कप ओतून देते. तुझ्या भावाचे बूट अजून दाराशीच आहेत. हलवायला जड वाटतात म्हणून नाही, हलवायचं सुचत नाही म्हणून.

यंदा स्वातंत्र्यदिनाचं, चार जुलैचं ते झेंड्याच्या तीन रंगांचं पेय करायचं नाही असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, तो विषयच मनात आला नव्हता. पण जूनच्या शेवटी म्युरिएल दारात येऊन उभी राहिली. तुला ती माहीतच आहे, जिभेला हाड नाही आणि मनात काही नाही. म्हणाली, "हे बघ एव्हिस, मिरवणूक संपली की सगळं गाव सवयीनं तुझ्याच व्हरांड्याकडे वळणार. तू दार लावून बसलीस तर लोक पायरीवर उभे राहून खिडकीतून तुझ्याकडे बघत बसतील, आणि ते जास्त वाईट दिसेल. स्ट्रॉबेरी मी आणते. तू फक्त हो म्हण." मी हो म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

तर परवा सकाळी धुकं होतं. खाडीतल्या होड्या दिसत नव्हत्या, नुसती त्यांची इंजिनं ऐकू येत होती. म्युरिएलनं दोन टोपल्या स्ट्रॉबेरी आणून ठेवल्या, तिच्याच परड्यातल्या, बारक्या आणि आतपर्यंत लाल. मी देठ काढले, साखर घातली, मिक्सरमधून फिरवून गाळून घेतल्या. खालचा थर गोड आणि जड पाहिजे, म्हणजे तो जागचा हलत नाही. मग पांढरा, नारळाचं दाट दूध आणि रम. सगळ्यात वर निळा, आणि त्यात साखर अजिबात घालायची नाही, नुसता ब्लूबेरीचा रस आणि व्होडका. हे मी तुला का सांगतेय? तूच तर मला शिकवलंस. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुझ्या आईनं पहिल्याच चार जुलैला माझ्या हातात भांडं दिलं, आणि मी सगळं एकात एक ओतून त्याचा जांभळा चिखल केला. तू सतरा वर्षांचा होतास. हसून लोळायचा बाकी राहिला होतास. मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून धार कशी सोडायची ते तूच दाखवलंस. "वहिनी, घाई करायची नाही, आणि हात हलू द्यायचा नाही, बस." तेव्हापासून माझा हात कधी हलला नाही.

लाल झाला, पांढरा झाला, आणि मी ब्लूबेरी काढायला तळघरात फ्रीझरपाशी गेले. चार जुलैला आपल्या माळावरची ब्लूबेरी हिरवीच असते, म्हणून निळा थर कायम मागच्या ऑगस्टमधल्या फळांचा. तसा तो यंदाही होणार होता. मागच्या ऑगस्टमधली म्हणजे थर्लोनं तोडलेली, हे फ्रीझरचं झाकण उघडेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. एवढं साधं गणित, पण नाही आलं. ऑगस्टमध्ये त्याला धाप लागायची. तरी फळं ओढायची दातेरी फणी घेऊन माळावर वाकायचा, दोन हात मारायचा आणि बादली उलटी करून तिच्यावर बसायचा. मी म्हणायचे, पुरे आता. तो म्हणायचा, अजून एक पिशवी.

ती एक पिशवी कोणती, हे तुला ठाऊक नाही. तू गेल्याच्या तिसऱ्या वर्षापासून तो दर ऑगस्टला निवडक फळांची एक पिशवी वेगळी भरत होता. त्यावर पट्टी चिकटवून जाड पेन्सिलीनं लिहायचा, वेंडेल. बाकी काही नाही. फ्रीझरच्या अगदी तळाशी ठेवायचा. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. दर चार जुलैला सकाळी तो व्हरांड्यात उभा राहून रस्त्याकडे बघायचा. मिरवणूक चर्चपाशी आली, तिच्यातल्या आगीच्या बंबाचा भोंगा ऐकू आला, की आत यायचा, खाली जाऊन तुझी पिशवी आणायचा, पट्टी सोलून काढायचा आणि म्हणायचा, "घे, हीच वापर." सहा वर्षं गावानं जो निळा थर प्यायला तो तुझ्या वाट्याच्या फळांचा होता. सहा पट्ट्या त्याच्या अवजारांच्या खणात आहेत. एकीवर एक चिकटवून ठेवल्यात.

परवा फ्रीझरमध्ये तीच एक पिशवी उरली होती. बाकीच्या मी हिवाळ्यात कधी संपवल्या मला आठवत नाही. पिशवी हातात घेऊन मी तळघरात उभी राहिले. अक्षर वाकडं आलंय, शेवटच्या अक्षराला पेन्सिल घसरलीय. बोटं गारठून दुखायला लागली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी दुखलं. वर बंबाचा भोंगा वाजला. पट्टी सोलणं आता माझ्याकडे आलं होतं. माझ्यानं झालं नाही. मी पिशवी परत तळाशी ठेवली, झाकण लावलं आणि वर आले.

मग लोक आले. तीसेक तरी असतील. मी दोनच थरांचे पेले पुढे केले, लाल आणि पांढरा. मग म्युरिएलनं पेला उचलून उजेडात धरला आणि नको इतक्या मोठ्यानं म्हणाली, "यंदा थर्लो नाही, म्हणून निळा नाही. बरोबर आहे तुझं, एव्हिस." सगळ्यांनी माना हलवल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. बंबावरच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी थर्लोची आठवण म्हणून जागा मोकळी सोडली. आणि मी गप्प बसले, वेंडेल. नाही, तसं नाहीये, एवढंसुद्धा म्हटलं नाही. पेला हातात धरून त्याच पायरीपाशी उभी राहिले. तेव्हा मला कळलं, की या जागेवर मी अशीच एकदा गप्प उभी होते.

तो दिवस तू विसरला नसशील. तू गेलास त्या वर्षी एप्रिलमध्ये थर्लो ऑपरेशनसाठी शहरात होता आणि माळ जाळायचं काम तुझ्यावर आलं होतं. दर वर्षी आलटून पालटून अर्धा माळ जाळायचा, ज्यानं गेल्या वर्षी फळ दिलं तो, म्हणजे त्याला नवा फुटवा येतो, आणि दुसऱ्या अर्ध्याला हात लावायचा नाही, कारण त्यावर यंदाच्या कळ्या असतात. तुझ्या वडिलांच्या वेळेपासून जाळायच्या बाजूच्या खुंट्याला लाल चिंधी बांधायची पद्धत. तू चिंधी बघून बांधाखालचा अर्धा माळ जाळलास, आणि जाळायचा होता बांधावरचा. त्या ऑगस्टला धड ओंजळभर फळ येणार नव्हतं. तू म्हणत राहिलास, चिंधी खालच्या खुंट्याला होती. पण चिंधी जळून गेलेली, दाखवणार काय? दोन महिने थर्लो तुझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला, आणि मग चार जुलैला भरल्या व्हरांड्यात तू पेला घ्यायला पुढे झालास तेव्हा म्हणाला, "या साहेबांच्या हातात काडी देऊ नका रे कोणी. उद्या आईच्या थडग्यावरचं गवत पेटवून येईल आणि म्हणेल, चिंधी होती." लोक हसले. काही वाईट मनानं नाही, पण हसले. तू थर्लोकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघत होतास. माझ्या हातात चमचा होता, मी कोणाच्या तरी पेल्यात निळा थर सोडत होते. मग तू तुझा पेला न पिता कठड्यावर ठेवलास आणि गेलास. तुझी गाडी गेली तेव्हा त्यातला बर्फसुद्धा वितळला नव्हता.

आता सांगते. ती चिंधी मी बांधली. थर्लोनं जाताना मला नीट सांगितलं होतं, बांधावरचा खुंटा. वारा बोचत होता, जागोजागी बर्फ होता, मला घरी परतायची घाई होती, आणि मी खालच्याला बांधून आले. तू माळावरून फोन केलास, "वहिनी, हाच भाग ना? मला इथे कळ्या दिसतायत." आणि मी म्हटलं, चिंधी आहे ना? मग तोच, तू उगाच डोकं चालवू नकोस. तुला वाटलं असेल की थर्लोनंच मला उलटं सांगितलं. तसं नव्हतं. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हाच मला माझी चूक कळली होती, आणि मी त्याला सांगितली नाही. आज सांगू, उद्या सांगू, त्याला घरी येऊ दे, टाके सुकू देत. मग चार जुलै आला. वहिनीनंच तो भाग सांगितला, हे तुला त्या व्हरांड्यात एका वाक्यात म्हणता आलं असतं. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी ते घ्यावं म्हणून वाट बघितलीस, आणि माझा हात हलला नाही, थर अगदी सरळ बसला. याची लाज मला रोज वाटली आहे, नऊ वर्षं, पण सवय झाली की लाजसुद्धा घरातल्या सामानासारखी होते. खरं वाईट पुढेच आहे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात थर्लो मला म्हणाला, "एव्हिस, मीच तुला खालचा खुंटा सांगितला होता का गं? पोरगा खोटं बोलणारा नव्हता. माझंच चुकलं असेल." त्यानं स्वतःवर घेतलं, वेंडेल. आणि मी त्याची उशी सारखी केली आणि म्हटलं, आता आठवत नाही, झोप तू. तो माझ्या चुकीचं ओझं घेऊन गेला. त्याला सांगायची वेळ गेली, म्हणून तुला लिहितेय. उद्या हे पत्र टाकलं की म्युरिएलच्या घरी जाऊन तिलाही सांगणार आहे, म्हणजे रविवारपर्यंत गावाला कळेल की तू खरं बोलत होतास. माफ कर असं मी लिहिणार नाही, तेवढा माझा हक्क नाही. यंदा बांधावरचा माळ धरलाय, फळ बरं दिसतंय. तुझी फणी दारामागच्या खिळ्यालाच आहे. पिशवी फ्रीझरच्या तळाशी आहे, आणि तिच्यावरची पट्टी मी काढणार नाही.

तुझीच वहिनी,
एव्हिस