आईचं इथे कोण आहे

प्रिय चिमणे,

तुझ्या आईचा पाय आता जमिनीला टेकतो, हे ऐकून जीव भांड्यात पडला. तुझ्या गॅलरीतल्या कुंड्यांमधलं तण ती काढते म्हणालीस. काढू दे, तिच्या हाताला चाळा हवाच. इथे सकाळी ओसरीवर ऊन येतं, मी शाळेतल्या कविता मोठ्याने म्हणतो, आणि चुकलेली ओळ दुरुस्त करायला कुणी नसतं.

कांद्याची लागवड झाली. कशी झाली ते ऐक. मला वाटलं, अख्खा गाव आपल्याला ओळखतो, हातांना काय तोटा! म्हणून माणसं ठरण्याआधीच वाफ्यातली सगळी रोपं उपटून ठेवली आणि चहाच्या टपरीवर गेलो. गावच्या शेती सोसायटीचा चेअरमन म्हणाला, काका, काळजीच सोडा. बाकीच्यांनी पाठ थोपटली, दुसरा चहा पाजला. रानात आला तो एकच, आणि तोही रोपांचा फोटो काढून गेला. रोपांनी माना टाकल्या, मागोमाग मीही.

तेवढ्यात बांधावरून शिंपीणकाकू चालली होती. ढीग बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, दादा, आधी हात जमवायचे, मग रोपं उपटायची. वहिनीला विचारायचंत तरी! आली तशी गेली, ती बायकांना हाका मारायला. तासाभरात बांधावर बायकाच बायका. एकीच्या खुरपणीला तुझी आई गेली होती, एकीच्या लेकीच्या बाळंतपणात जागली होती, एकीला तिने बियाणं दिलं होतं. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, असं त्यांचं वर्षानुवर्षं चालतं. मी समजायचो, पाखरं येतात तशा येत असतील. मला भरून आलं, कविता ओठांवर आली, तर गिरणीवाली ओरडली, कविता घरी म्हणा, आधी पाणी सोडा!

जुना चेअरमन म्हणून सोसायटीच्या भिंतीवर माझा फोटो आहे. तुझी आई साधी सभासदही नाही. मला दाखल्यावर सही हवी असली की टपरीवरची माझी माणसं धावतात, खोटं कशाला बोलू? पण बायकांनी जाताना एकच विचारलं, वहिनी कधी येणार? मी जेवलो का, हे कुणी विचारलं नाही.

तू फोनवर म्हणालीस, बाबा, आईला आता माझ्याकडेच ठेवते, तिचं तिथे तुमच्याशिवाय आहे कोण? त्याचं उत्तर मला रानात मिळालं. ते आता लिहितोय. तिला हे वाचून दाखव आणि शिंपीणकाकूचा निरोप सांग: पुढच्या आठवड्यात तिची लागवड आहे, वहिनी बांधावर नुसती बसली तरी चालेल. मग ती काय म्हणते ते ऐक, आणि तिचंच ऐक.

ओळी चुकवत वाट पाहणारा,
तुझाच बाबा