हॉलला माझे नाव देऊ नये

मी, पुनाराम महागू भालाधरे, वय सदुसष्ट, धर्म बौद्ध, राहणार बालाघाट, मध्य प्रदेश, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे आणि माझ्या नावाचे काय करायचे, हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. शेजारचे डॉ. मधुकर देशकर यांनी सकाळी मला तपासले. रक्तदाब चढलेला आहे, बुद्धी शाबूत आहे, असे ते म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र तेवढ्यामुळे रद्द होत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे. इथल्या कचेरीत सगळा कारभार हिंदीत चालतो, तरी मी मराठीत लिहितो, कारण हिंदीत मला साहेब लोकांशी नमून बोलायची सवय लागली आहे.

१. मी राहतो ते घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे. ते माझ्यामागे माझी पत्नी सरिता हिचे. तिच्यानंतर ते मुलगा रवी याला मिळावे. बँकेत जे काही असेल ते दोघांनी निम्मे-निम्मे घ्यावे. सरिता हयात असेपर्यंत रवीने घर विकण्याची गोष्टही तिच्यासमोर काढू नये. रवीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणार नाही ना, असे सरिताने विचारले. नाही. व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमतो.

२. हवा भरायचा पंप, रिंगेला बांधायच्या जाळ्या, चुन्याच्या रेषा ओढायची गाडी आणि घरात असलेले सगळे बॉल या माझ्या खासगी वस्तू आहेत, मी जिथे नोकरी केली त्या महाविद्यालयाच्या नाहीत. ते चालवणाऱ्या संस्थेने यांपैकी एकही वस्तू कधी वेळेवर दिली नाही. चषक मात्र सगळे प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आहेत. ते त्यांना लखलाभ. सत्कारात मिळालेल्या शाली सरिताने हव्या त्यांना वाटून टाकाव्या. त्यांची ऊब मला कधी लागली नाही.

३. आता लोकेशविषयी. लोकेश हा माझा जुना खेळाडू, सध्या संस्थेचा सचिव आणि गावातला मोठा बांधकामवाला. त्याला मी काहीही देत नाही. का देत नाही, ते मात्र लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे त्याला हवी तशी गोष्ट सांगता येणार नाही.

आमचे महाविद्यालय खासगी. तिथे क्रीडा अधिकारी म्हणून मी उभी हयात घालवली. मी रुजू झालो तेव्हा मागच्या बाजूला धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, होते. मुरूम टाकून, पोरांबरोबर स्वतः रोलर ओढून मी तिथे बास्केटबॉलचे कोर्ट केले. बैहरच्या जंगलातल्या गावांत जाऊन मुलींच्या बापांच्या ओसरीवर बसलो, "पोरगी चड्डी घालून खेळंन का?" या प्रश्नाला उत्तरे दिली. त्या मुलींनी विद्यापीठाचे अजिंक्यपद बालाघाटला आणले, एकदा नव्हे. कोणी पोलिसात गेली, कोणी रेल्वेत. निवृत्त झाल्यावरही संस्थेने मलाच मानधनावर ठेवले, कारण दुसरे कोणी येत नव्हते.

गेल्या काही वर्षांत आम्ही हरत आलो. हे मी लपवत नाही. मागच्या हिवाळ्यात लोकेश तीन उंच मुली घेऊन आला. बाहेरगावच्या, आधीच कुठल्याशा क्लबकडून खेळणाऱ्या. त्यांचा प्रवेश कागदावर झाला होता. वर्गात त्यांना कोणी पाहिले नव्हते. संघाच्या यादीत त्यांची नावे लिहा, असे मला सांगण्यात आले. मी माझ्याच मुलींची नावे लिहिली आणि बैहरच्या रचना टेकामला कर्णधार केले. पहिल्याच सामन्यात आमचा धुव्वा उडाला.

त्यानंतर प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. भिंतीवर पडदा लावून माझ्या पराभवांचा आलेख दाखवण्यात आला. ज्या वर्षांत जिंकलो, ती वर्षे आलेखात नव्हती. लोकेशने माझ्यापुढे एक कागद ठेवला. प्रकृतीच्या कारणाने मी स्वेच्छेने काम सोडत आहे, असा त्यावर मजकूर होता.

"सर, तुमचं नाव लय मोठं हाये," तो म्हणाला, "पण नुसत्या नावानं म्याच जिंकता येत नाही. आता तुमी घरी आराम करा."

मी म्हणालो, "त्या तीन पोरी कोणत्या वर्गात बसतात तेवढं सांग. मंग सही करतो."

प्राचार्यांनी चहा मागवला. मी चहा न घेता उठलो.

सही मी केली नाही. आठवडा उलटायच्या आत सरिता भाजी आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. चौकात माझा फोटो लावलेला मोठा फ्लेक्स लागला होता. वर लिहिले होते, निरोप समारंभ. नव्या इनडोअर हॉलला माझे नाव देणार, असेही खाली छापले होते. माझा निरोप मला बाजारातून कळला. मी समारंभाला गेलो नाही. खुर्चीवर माझा फोटो ठेवून त्याला हार घातला, असे ऐकले. जिवंत माणसाच्या फोटोला. कोर्टाच्या फाटकाला त्याच दिवशी नवे कुलूप लागले आणि माझ्या मुलींना संघातून काढले.

४. वरील कारणाने, त्या हॉलला किंवा संस्थेच्या कोणत्याही भिंतीला, फाटकाला, स्पर्धेला माझे नाव देऊ नये. अशी अट मृत्युपत्राने कोणावर घालता येत नाही, असे वकील म्हणतात. मग सरिताने हे कलम मोठ्या अक्षरांत छापून चौकात लावावे. फ्लेक्सवाला ओळखीचा आहे.

५. दीपिका वासनिक हिला मी काही देत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. ती राजेगावची. माझ्या हाताखाली खेळलेल्या मुलींमध्ये तिच्याइतका खेळ कोणाला समजला नाही. आज ती शाळेत खेळाची शिक्षिका आहे. फ्लेक्स लागल्यावर ती गाडीवरून थेट माझ्या घरी आली. मला वाटले, माझी बाजू घ्यायला आली. सरिताने पोहे केले. दीपिकाने ताटली बाजूला ठेवली.

"सर, लोकेश लबाड हाये, हौ. पण आपण हारलो ते त्याच्यापायी नाही. पोरी बाहेरून मारू शकतात आन् तुमी त्याईले मारू देत नाही. रचनाले तुमी काहून बसवलं?"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. रिंगेपासून दूर एक रेषा असते. तिच्याबाहेरून बॉल टाकला तर तीन गुण मिळतात. आजकाल सगळे तिथूनच मारतात. मी त्याला जुगार म्हणतो. पास देत देत आत शिरायचे आणि खात्रीने टाकायचे, हे मी शिकवले, आणि याच खेळाने आम्ही जिंकलो. त्या सामन्यात रचनाने माझे न ऐकता बाहेरून मारले. बॉल रिंगेतही गेला. मी तिला तरीही बाकावर बसवले.

मी दीपिकाला म्हणालो, "खेळ मले शिकवू नको."

"तुमीच तं शिकवला," ती म्हणाली. "म्हणून तं बोलून राह्यली."

मी तिला जायला सांगितले. पावसाळा संपेपर्यंत तिच्याशी बोललो नाही. सरिता मात्र तिच्याशी फोनवर बोलत होती, हे मला ठाऊक होते. दीपिकाचे म्हणणे मला आजही पटलेले नाही. पण लोकेशने आलेख दाखवला, पेपरवाल्यांनी युगाचा अंत लिहिला, जुन्या पोरांनी फोनवर रडून घेतले. माझ्या खेळाविषयी तोंडावर बोलली ती एकटी. तिला मी साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराला काही न देणे बरे, असे वकिलांचे मत पडले. मला साक्ष जास्त महत्त्वाची वाटली.

६. राजेगाव रस्त्यालगतची जमीन. ही मी निवृत्तीच्या पैशातून घेतली आहे, वडिलोपार्जित नाही, तेव्हा तिच्यावर कोणाचा जन्माने हक्क नाही. रवी नागपूरला असतो. त्याने मला न विचारता या जमिनीविषयी लोकेशशी बोलणे सुरू केले होते. लोकेशला तिथे लग्नाचे लॉन करायचे आहे. जमिनीच्या कागदावर मी सही करत नाही हे कळल्यावर रवीचा फोन आला. "पापा, साइन कर दो ना. हॉल पे नाम तो आ रहा है." मुलाला मराठी शिकवायला मला वेळ मिळाला नाही, तो वेळ कोर्टावर गेला. पण एवढे हिंदी मला समजते. नाव घेऊन जमीन द्यायची होती.

ही जमीन सरिताच्या हयातीत तिच्या ताब्यात राहील. या उन्हाळ्यात संघातून काढलेल्या मुली आणि काही जुने खेळाडू यांनी मिळून तिच्यावर सिमेंटचे कोर्ट ओतले आहे. सरितानंतर ही जमीन रचना टेकाम, राहणार बैहर, हिच्या पूर्ण मालकीची होईल. टेकाम घराण्याशी माझे रक्ताचे नाते नाही. रवीने हरकत घेऊ नये. घर त्याला दिलेले आहे. कलम दोनमधला पंप, जाळ्या, गाडी आणि बॉलही तिलाच. रचनाने तिथे मुलींना खेळवावे. काय खेळवावे, आतून की बाहेरून, हे मी ठरवणार नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडले होते. आता राहू द्यावे.

७. माझा अंत्यविधी भंतेजींकडून, साधेपणाने व्हावा. महाविद्यालयाच्या आवारात माझा देह नेऊ नये. लोकेश आल्यास त्याला बसायला खुर्ची द्यावी, चहा द्यावा, बोलायला उभे करू नये. मी चिडका होतो असे कोणी म्हटले तर त्याला अडवू नये. मी थकलो होतो असे म्हटले तर अडवावे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी वाचला, सरिताला वाचून दाखवला आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

पुनाराम महागू भालाधरे
(सही)

साक्षीदार १: डॉ. मधुकर देशकर, बालाघाट. (सही)

साक्षीदार २: दीपिका वासनिक, राजेगाव. (सही)
सरांनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर होते आणि रागात होते, दोन्हीची साक्ष देते. कलम पाचमध्ये त्यांनी "पटलेले नाही" असे लिहिले आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. तसे लिहायला सरांनीच जागा सोडली.

स्थळ: बालाघाट
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५