जिन्यातल्या खुर्चीची व्यवस्था

मी, निवृत्त विज्ञान शिक्षक, वय एकाहत्तर (फुप्फुसे त्याहून वडीलधारी), पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय व प्रत्येक वाक्यानंतर दम खात लिहून ठेवतो की:

कलम १. राहते घर पत्नीस. ते तिनेच चालवले. मी त्यात फक्त मोठ्याने श्वास घेतला.

कलम २. माझा औषधाचा पंप कोणीही वापरू नये. ज्याचे औषध त्याच्यापुरते. शिवाय उरलेले डोस मोजावेत. मी स्वतः सात आठवडे रिकामा पंप मोठ्या श्रद्धेने ओढला आणि भेटेल त्याला गुण येतो म्हणून सांगितले. हा किस्सा सांगण्याचा हक्क पत्नीस माझ्या पश्चातच राहील.

कलम ३. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा. शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजेपर्यंत सोडावा. ही पद्धत संपूर्ण इमारतीस देतो, कोणी मागितली नसली तरी.

कलम ४. जिन्याच्या वळणावर, नवव्या पायरीशी, मी दम खाण्यासाठी ठेवलेली खुर्ची खालच्या मजल्यावरील धाकट्या भावास. त्याला माझाच विकार आहे. तो त्यास ‘वय’ म्हणतो. चार वर्षांपूर्वी “दादा, जिन्यात दवाखाना थाटलास का?” असे ओरडून जो गेला, तो वर आला नाही. माझ्या मते कारण राग नसून अठरा पायऱ्या आहेत. अट एकच: खुर्ची स्वतः वर येऊन मागावी.

पुरवणी, त्याच दिवशी. पत्नीने कलम ४ जिन्यातून मोठ्याने वाचले. खालून आवाज आला, “मला दम लागतो म्हणतो? आलोच!” तो सव्वीस मिनिटांनी आला. पैकी एकोणीस मिनिटे खुर्चीत होता. बोलता येईना, म्हणून रागाने कागद ओढून त्याने साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकिलांनी कपाळावर हात मारला. “अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही!”

“म्हणजे... खुर्ची... गेली?”

“यांच्या मृत्यूनंतर गेली. हे आहेत तोवर बसा की खुशाल.”

भाऊ माझ्याकडे वळला. “दादा, मग इतक्यात मरायचं नाही हं. आणि ते शिळेचं काय म्हणालास, ते परत सांग.”

सबब हे मृत्युपत्र तूर्त कपाटात ठेवावे. उद्या सकाळी दहाला, नवव्या पायरीशी, पहिला पाठ. दुसरी खुर्ची त्याने आणावी.

स्थळ: वरचा मजला
दिनांक: सतरा जून
लिहून ठेवणार: मी (सही)
साक्षीदार: १. धाकटा भाऊ (सही वाकडी, दम लागलेला असताना) २. वकील (सही सरळ, चेहरा नाही)